मुदतपूर्व

एकवीस वर्षं मी म्हापशाच्या बाजारात उद्या विकतोय.
रोज पन्नास, रोज शंभर, पाववाल्याचे वीस.
गळ्यातलं पिग्मीचं मशीन कुरकुरत जिभेएवढी पावती काढतं
आणि माणसं ती न वाचता
तराजूखाली, मिरच्यांच्या गोणीमागे, कनवटीला
कुठंतरी कोंबतात.
निम्मे म्हणतात, फाल्यां यो.
उद्याचे पैसेसुद्धा उद्याच देणारी ही गिऱ्हाइकं,
यांच्या जिवावर माझं कमिशन,
मुलीचं नर्सिंग, स्कूटरचा मागचा टायर.

नियम साधा आहे.
वर्षभर हात लावला नाही तर व्याज.
सहा महिन्यांच्या आत मोडलं तर व्याज नाही,
वर शेकडा तीन कापणार.
खातं उघडतानाच सांगतो मी सगळ्यांना
आणि सगळे मान हलवतात,
लग्नात भटजीपुढं हलवतात तशी.

मार्चमध्ये मानकुराद येतो.
येतो म्हणजे दिसतो.
गवतावर बारा-पंधरा फळं, मागं सत्यवती पदर सावरून बसलेली,
डझनाला पाच हजार.
लोक भाव विचारतात, हसतात, पुढं जातात.
तोच आंबा, त्याच झाडाचा,
मेच्या वीस तारखेला सहाशेला डझन.
मी हिशेब केलाय पावतीच्या पाठीवर:
अडीच महिने थांबायचे चार हजार चारशे.
एवढं व्याज आमच्या सोसायटीनं कुणालाच दिलं नाही,
चेअरमनच्या मेव्हण्यालाही नाही.
म्हणून माझ्या घरात मे उजाडल्याशिवाय
आंब्याला सुरी लागलेली नाही.
बायको याला शिस्त म्हणायची. हल्ली काही म्हणत नाही.

पिएदाद चोरिस विकते.
रोजचे शंभर, एकशेतीस दिवस, एकही खाडा नाही.
परवा म्हणाली, मोड.
मी म्हटलं, गे, पुरुमेंताला लागतील,
सुकी सुंगटं, कोकम, वर्षाच्या मिरच्या.
जूनमध्ये मोड, निदान कापणार तरी नाहीत.
ती माळ गाठत होती. दोरा दातानं तोडला.
मोड.
थोडे काढ मग.
पण थोडे काढता येत नाहीत, हे मलाच आठवलं,
मोडलं की सगळंच मोडतं.

म्हजो भाव दोन एप्रिलाक तारवार वता, ती म्हणाली.
भाव म्हणजे भाऊ,
पण बाजारात आयुष्य गेलेल्या माझ्या कानांना
आधी दुसराच ऐकू आला.
अकरा वर्षं तो जहाजावर स्वयंपाकी आहे.
हजार माणसांना आंबे कापून वाढतो,
कुठल्या कुठल्या देशांचे, वास नसलेले.
अकरा वर्षांत एकही मे
त्याच्या सुट्टीत बसला नाही.

माझ्या हिशेबात मे सगळ्यांना येत होता.

मी फॉर्म भरला.
कारणाच्या रकान्यात 'घरगुती अडचण' लिहिलं,
सगळ्यांचं तेच लिहितो.
तेरा हजारांतून तीनशे नव्वद कापले.
तिनं नोटा मोजल्या नाहीत.
उठून सत्यवतीपुढं उकिडवी बसली
आणि सहा फळांसाठी पाऊण तास भांडली,
एकेका फळाच्या देठाशी नाक नेत.

दुसऱ्या दिवशी तिच्यापुढून मान खाली घालून निघालो होतो
तर हाक मारून शंभराची नोट पुढं केली.
नवं खातं, पान पहिलं.
नियम सांगू लागलो. तिनं मान हलवली.

मुलीचा आयर्लंडचा व्हिसा यायचाय.
एजंट म्हणतो या महिन्यात, कदाचित पुढच्या,
कदाचित सोमवारी.
संध्याकाळी कॅश भरून परत बाजारात आलो.
सत्यवती टोपली आवरत होती, चार फळं उरलेली.
एकवीस वर्षांत पहिल्यांदा
मी तिला मार्चमध्ये भाव विचारला.
तिनं आधी माझ्या मशीनकडं पाहिलं,
मग माझ्याकडं,
आणि म्हणाली, तुला कशाला?